दादरच्या फूलबाजारातील लग्नाचे हार : मंगलाष्टकांसाठी आणि मिलनीसाठी

लग्नाचा हार निवडताना तो छायाचित्रात कसा दिसेल, याचाच विचार आपण बहुतेक वेळा करतो. तो किती जड आहे, तो कोणत्या क्षणी गळ्यात पडणार आहे, तो घालून उभे राहायचे आहे की बसायचे आहे, आणि मुळात त्या विधीत हाराला काय स्थान आहे, हे प्रश्न मागे पडतात. दादर पश्चिमेला रेल्वे स्थानकालगत असलेल्या मीनाताई ठाकरे फूलबाजारातील आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतील हारवाल्यांच्या सेवेचे हे परीक्षण मी याच प्रश्नांच्या आधारे करणार आहे. ते कोणा एका दुकानाचे नाही. माझ्या भाचीचे लग्न एका शीख कुटुंबातील मुलाशी ठरले. आधी आपल्या पद्धतीने सभागृहात आणि त्यानंतर गुरुद्वाऱ्यात आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचा विवाह, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले, आणि फुलांची सगळी जबाबदारी मामा म्हणून माझ्याकडे आली. त्यामुळे एकाच लग्नातील दोन अगदी वेगळ्या गरजांसाठी हार करून घेण्याचा आणि ते विधीत कसे टिकतात हे जवळून पाहण्याचा योग आला.

या बाजाराचा खरा व्यवहार उजाडण्यापूर्वी चालतो. पुणे, नाशिक, सातारा या भागांतून आणि वसई-पालघरकडून फुले पहाटेच येऊन पडतात, आणि सकाळी उशिरा जाणाऱ्याला उरलेला माल पाहावा लागतो. लग्नाचे हार मात्र तयार मिळत नाहीत. निदान चांगले मिळत नाहीत. ते आधी सांगून करून घ्यावे लागतात. आम्ही ज्या हारवाल्याकडे काम दिले, त्याने नमुन्यांची छायाचित्रे दाखवण्याआधी मुहूर्त किती वाजताचा आहे, हे विचारले. दुसरा प्रश्न वधूवरांच्या उंचीचा होता आणि तिसरा नवरदेव फेटा बांधणार की पगडी, हा होता. या तीन प्रश्नांवरच माझे त्याच्याविषयीचे मत चांगले झाले, कारण आधी ज्या सजावटवाल्यांकडे आम्ही चौकशी केली होती, त्यांनी फक्त मंचाचा रंग कोणता एवढेच विचारले होते.

मुहूर्ताची वेळ विचारण्यामागे साधे कारण आहे. पाकळ्यांचा हार बांधून झाल्यापासून काही तासच ताजा राहतो, आणि दुपारच्या मुहूर्ताचा हार आदल्या रात्री ओवला, तर कडा काळवंडू लागतात. आमच्या पहिल्या विधीचे हार पहाटे ओवून सकाळी दिले गेले आणि ते केळीच्या पानांत गुंडाळून, वर ओला कपडा घालून आले. बर्फाच्या पेटीत ठेवलेली फुले बाहेर काढताच घामेजतात आणि लवकर मान टाकतात, असे त्या हारवाल्याचे म्हणणे होते, आणि आमच्या हारांनी ते खरे करून दाखवले.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आपल्याकडे अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर हातात हार धरूनच उभे असतात. गुरुजींची मंगलाष्टके होतात, मग आत्या, मावश्या, काका, घरातले हौशी गाणारे, सगळ्यांनी रचलेली मंगलाष्टके होतात, प्रत्येक कडव्यानंतर अक्षता पडतात, आणि तेवढा वेळ तो हार दोन्ही हातांवर तोललेला असतो. मामा म्हणून मी भाचीच्या मागेच उभा असल्यामुळे तिचे हात मला दिसत होते. शेवटच्या कडव्यापर्यंत ते स्थिर राहिले. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट दूर होतो आणि वधू प्रथम हार घालते. या क्षणी तिचे हात अवघडलेले असतील, हार डोक्याच्या वर नेताना तोल जात असेल, मुंडावळ्यांत दोरा अडकत असेल, तर ज्या क्षणासाठी सारे जमले आहेत तोच क्षण ओढाताणीत जातो. आमच्या हारवाल्याने मण्यांचे आणि आरशांचे काम काढून टाकायला सांगितले, हाराची जाडी मानेच्या मागे कमी आणि छातीवर थोडी अधिक ठेवली, आणि लांबी कमरेच्या किंचित खाली थांबवली. मुंडावळ्या दोन्ही बाजूंनी मोकळ्या लोंबत असतात, त्यामुळे हाराच्या आतल्या बाजूला एकही तारेचे टोक किंवा टोकदार पान असता कामा नये, हेही त्याने न सांगता पाळले.

फुलांची निवड आम्ही त्याच्यावर सोडली, तरी त्याची कारणे विचारून घेतली. लग्न माघातले होते आणि मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला. या दिवसांत मिळणारा मोगरा बारीक, महाग आणि लवकर पिवळा पडणारा असतो, हे त्याने स्वतःहून सांगितले. मोगऱ्याच्या नावाखाली त्याच्यासारखेच दिसणारे कागड्याचे फूल गुंफून देणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी त्याने निशिगंध सुचवला, तोही एकेरी. दुहेरी निशिगंध दिसायला भरगच्च असतो आणि दांड्यांसह फुलदाणीत शोभतो. हारासाठी सुटी कळी लागते ती एकेरीची, आणि सुगंधही तिलाच अधिक असतो. निशिगंधाच्या दोन पदरांमध्ये गुलाबाच्या पाकळ्या दुमडून, सुईने एकीला एक बिलगून ओवलेल्या होत्या. गुलाब दोन प्रकारचे वापरले होते. रंगासाठी हरितगृहातला डच गुलाब आणि वासासाठी अधूनमधून गावठी. डच गुलाबाला रंग आणि टिकाऊपणा असतो, पण गंध जवळजवळ नसतो, आणि बिनवासाचा हार गळ्यात घालणे मला तरी अपुरे वाटते.

आज ज्याला आपण परंपरागत लग्नाचा हार म्हणतो, त्यातली बरीच फुले तशी अलीकडची आहेत. निशिगंध आणि झेंडू ही दोन्ही मूळ मेक्सिकोकडची. युरोपीय लोकांची ये-जा सुरू झाल्यावर ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली की त्यांच्यावाचून मांडव रिकामा वाटावा. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचे वर्णन करताना तिच्या हाती दिलेली माला दूर्वा गुंफलेली, मोहाच्या फुलांची आहे. आपण फूल बदलले. ज्याला आपण निवडले त्याच्या गळ्यात सर्वांसमक्ष माला घालण्याची कृती मात्र तीच ठेवली. म्हणून अमुकच फुले हवीत, असा आग्रह मी धरणार नाही. फुले खरी मात्र हवीत, आणि हा आग्रह मी धरतो.

त्यामागचे कारण महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नळाचेच रूप घेऊन येतात, आणि तिच्यासमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात. ती देवांनाच शरण जाते, आणि मग तिला खुणा दिसू लागतात. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांचे पाय भूमीला टेकलेले नाहीत आणि त्यांच्या गळ्यातील माला टवटवीत आहेत. पाचव्याची सावली पडते आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, आणि त्याच्या गळ्यातील माला कोमेजली आहे. त्या कोमेजलेल्या मालेमुळेही तिला आपला नळ ओळखता येतो. ती लाजत त्याच्या वस्त्राचा पदर धरते आणि त्याच्या खांद्यावर आपली माला घालते. मर्त्य माणसाला, त्याच्या घामासकट, निवडण्याची ही कृती आहे. बाजारात आता प्लॅस्टिकच्या आणि कापडी फुलांच्या वरमाला सर्रास मिळतात, त्या पुन्हा वापरता येतात असे सांगून विकल्या जातात. विधीचा अर्थ मनात ठेवला, तर न कोमेजणारा हार दोन माणसांच्या लग्नात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच ठिकाणी एका सजावट कंपनीविषयी लिहिणे आवश्यक आहे. तिचे नाव देत नाही. तिने आम्हाला गुडघ्यापर्यंत पोहोचणारे, ऑर्किडचे, चमकत्या फितींचे हार सुचवले होते आणि त्याबरोबर वधूवरांना खांद्यावर उचलून घेण्याचा कार्यक्रमही आखून दिला होता. हार घालताना नवरदेवाला मित्रांनी वर उचलायचे, मग नवरीला भावांनी उचलायचे, ही प्रथा हल्ली आपल्याकडेही पसरली आहे. मला ती मनापासून अप्रिय आहे. हार घालून घेणाऱ्याने मान किंचित झुकवायची असते आणि त्या झुकण्यात संमती असते. मान उंच पळवण्याचा खेळ झाला की संमतीचा तो क्षण उरत नाही, आणि हारांच्या पाकळ्या जमिनीवर पडून तुडवल्या जातात. शिवाय पुढे लाजाहोमासाठी वधूवर अग्नीजवळ बसतात, तेव्हा गुडघ्यापर्यंतचा फितींचा हार हे सरळ सरळ संकट असते. दादरच्या हारवाल्याने होमाआधी बदलण्यासाठी निशिगंधाच्या दोन साध्या, आखूड माळा वेगळ्या दिल्या. आम्ही त्या मागितल्या नव्हत्या.

आनंद कारजची गरज मुळापासून वेगळी होती, आणि या सेवेची खरी परीक्षा तिथे झाली. शीख विवाहाचा गाभा हारात नाही. गुरू ग्रंथ साहिबच्या उपस्थितीत चौथे गुरू रामदास यांच्या चार लावां, म्हणजे विवाहाची चार कडवी, वाचल्या व गायल्या जातात, आणि प्रत्येक लावेबरोबर वर आणि त्याच्या मागे वधू ग्रंथसाहिबांभोवती प्रदक्षिणा करतात. दोघांना जोडतो तो पल्ला. वधूचे वडील वराच्या हाती दिलेल्या वस्त्राचे दुसरे टोक आपल्या मुलीच्या हाती देतात. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने या पद्धतीला कायद्याची मान्यता मिळाली, आणि १९४५ मध्ये मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेत लग्नात सेहरा (चेहऱ्यावर सोडलेल्या फुलांच्या माळा), मुकुट किंवा गाना (मनगटावरचा धागा) बांधण्याला मनाई आहे. अनेक पंजाबी घरांत सेहरा तरीही बांधला जातो. आमच्या व्याह्यांच्या घरी तो बांधत नाहीत. पल्ला पाहताना मला पुन्हा दमयंती आठवली. तिने नळाचा पदर धरला आणि मग माला घातली. आनंद कारजमध्ये वस्त्राचे टोक हाती देण्याला मान आहे, तर आपल्याकडे मालेला, आणि उपरणे-शेल्याच्या गाठीच्या रूपाने वस्त्रही आपल्याकडे आहेच.

मग गुरुद्वाऱ्यात हार लागतात कशाला? ते लागतात मिलनीसाठी. वरात दाराशी पोहोचते, अरदास, म्हणजे प्रार्थना, होते, आणि मग दोन्ही घरांतील समान नात्याची माणसे एकेक करून पुढे येतात. आजोबांना आजोबा, वडिलांना वडील, काकांना काका, मामांना मामा. दोघे एकमेकांना हार घालतात आणि कडकडून मिठी मारतात. आपल्याकडे सीमांतपूजनात वराचा आणि त्याच्या घरच्यांचा मान केला जातो; मिलनीत दोन्ही बाजू एकाच पायरीवर उभ्या असतात, हा फरक मला फार मोलाचा वाटला. मुलाच्या मामांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मी त्यांच्या, तेव्हा दोन्ही हार अगदी सारखे होते. वधूपक्षाचा एक आणि वरपक्षाचा एक, असा भेद त्यांत दिसू नये, हे आम्ही हारवाल्याला बजावून सांगितले होते, आणि त्याने सगळे हार एकाच लांबीचे, एकाच फुलांचे आणून दिले.

मिलनीच्या हाराला मिठी सोसावी लागते. गुलाबपाकळ्यांचा हार दोन छात्यांमध्ये चिरडला की रंग सोडतो, आणि पांढऱ्या कुर्त्यावर तो डाग पडतो. ओला झेंडूही पिवळा डाग ठेवतो. म्हणून या हारांसाठी पांढरी शेवंती मुख्य धरली, झेंडू कोरडा आणि मोजकाच घेतला, आणि हार एकपदरी ठेवले. नवरदेवासाठी जयमालेचा प्रश्न मात्र अधिक नाजूक होता. दस्तार, म्हणजे पगडी, ही शिखांच्या सन्मानाची गोष्ट आहे; हार घालताना तिला धक्का लागणे किंवा तिच्यात फूल अडकून ती सैल होणे कोणालाही चालणार नाही. पगडीचा घेर आणि त्यावरची कलगी लक्षात घेता नेहमीच्या मापाचा बंद हार डोक्यावरून जाणे कठीण होते. हारवाल्याने मागच्या बाजूने उघडा हार केला, दोन्ही टोकांना सुती फीत ठेवली, आणि वधूने तो समोरून खांद्यांवर ठेवल्यावर मागे बहिणीने गाठ मारायची, अशी सोय केली. नवरदेवाच्या कमरेला तलवार असते हेही त्याला ठाऊक होते, त्यामुळे लांबी तिच्या मुठीच्या वर थांबवलेली होती. जयमाल दरबार साहिबच्या, म्हणजे ग्रंथसाहिब असलेल्या मुख्य दालनाच्या, बाहेर झाली आणि आत जाण्यापूर्वी दोघांनी हार उतरवले. लावांच्या वेळी दोघांना पुनःपुन्हा मत्था टेकायचा असतो. गळ्यात लोंबता हार असता, तर प्रत्येक वेळी तो आधी जमिनीला टेकला असता.

त्या दिवशी कीर्तन ऐकताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतील आसा रागातील एका पदात ते म्हणतात की फुले आणून माला ओवली, पण भुंग्याने आधीच त्यांचा वास घेतला आहे. आता विठ्ठला, तुझी पूजा कशाने करू? पाणी घ्यावे तर त्यात जीव आहेत, दूध घ्यावे तर वासराने ते उष्टे केले आहे, आणि सगळीकडे तोच भरलेला आहे. पंढरीच्या विठ्ठलाला ‘बीठल’ म्हणणारे हे पद पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांत गायले जाते, आणि नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेल्या घुमान गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. मराठी आणि शीख घरांच्या सोयरिकीत हाराविषयी यापेक्षा जवळचे वचन शोधून सापडणार नाही. त्या पदात हार नाकारलेला नाही; त्याच्या पावित्र्याचा अभिमान तेवढा काढून घेतला आहे.

आता उणिवा. या बाजारात व्यवहार बहुतेक तोंडी चालतो. आम्ही फुले, लांबी, संख्या आणि देण्याची वेळ एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, त्यामुळे वाद झाला नाही; पण तो कागद आम्हीच पुढे केला होता. दुसरी अडचण पाण्याची आहे. फुले ताजी दिसावीत म्हणून शेवटच्या क्षणी त्यांवर सढळ हाताने पाणी शिंपडले जाते, आणि मिलनीच्या हारांतले काही इतके ओले आले, की ते आम्हाला पंख्याखाली पसरून ठेवावे लागले. रेशमी शालूवर किंवा पैठणीवर असा हार पडला, तर पाण्याचा डाग जात नाही. तिसरी तक्रार दोऱ्याची. वधूवरांचे हार सुती दोऱ्यात होते, पण मिलनीच्या हारांना नायलॉनचा दोरा आणि खालच्या गोंड्याला चंदेरी प्लॅस्टिकची जर लावलेली होती. असा हार निर्माल्यात टाकता येत नाही, खतातही जात नाही. फुले सोडवून दोरा वेगळा करत बसावे लागते. घरपोच पाठवण्याचे वेगळे पैसे घेतले गेले आणि ते आधी सांगितले नव्हते, हेही योग्य नाही.

किमतीविषयी एवढेच सांगतो की वधूवरांच्या हारांवर आम्ही जे खर्च केले, ते सजावट कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी होते, आणि काम अधिक चांगले होते. पाकळ्यांच्या हाराला निशिगंधाच्या साध्या हारापेक्षा कितीतरी अधिक पैसे पडतात, कारण त्यात फुलांपेक्षा हातांचे तास अधिक असतात. त्या पैशांत घासाघीस करू नये, असे मला वाटते. भर लग्नसराईत आणि गुढीपाडवा, गणपती, दसरा या दिवसांच्या आसपास भाव झपाट्याने चढतात, तेव्हा ठरलेला भाव लिहून घ्यावा.

ज्यांना मंचाच्या रंगाशी जुळणारी, दुरून झळकणारी सजावट हवी आहे आणि फुलांचे सगळे एकाच हाती सोपवायचे आहे, त्यांनी दादरला येऊ नये. तिथे पहाटे उठून स्वतः उभे राहावे लागते आणि गर्दीत वाट काढावी लागते. ज्यांना विधी नीट पार पडावा असे वाटते, त्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. जाताना वराच्या पगडीचा किंवा फेट्याचा घेर, दोघांची खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची, मंगलाष्टके किती वेळ चालतील याचा अंदाज आणि मिलनीत समोरासमोर येणाऱ्या नात्यांची यादी बरोबर न्यावी. सगळे हार सुती दोऱ्यात ओवायचे आणि देताना कोरडे द्यायचे, हे दोन शब्द त्याच कागदावर सहीच्या वर लिहून घ्यावेत.